रोमँटिकच्या पुढचं

रमाला कुणी साधा पत्ता विचारला तरी ती पनवेल स्टेशनपासून सुरुवात करते. विचारणारा तिच्या दारात उभा असला तरीसुद्धा. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे हे झालं असावं, असं मी म्हणते. ती म्हणते, मी बँकेत कॅशियर होते म्हणून मला सगळं भराभर मोजून खिडकीबाहेर सरकवायची खोड आहे. खांदा कॉलनीत आमची दारं समोरासमोर आहेत. दोघींचेही नवरे गेले, मुलं बाहेर. भांडायला कुणीतरी हक्काचं लागतं, ते आम्हांला घरबसल्या मिळालं.

निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातं, कुणी गुडघे बदलून घेतं. रमानं ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर सूचना लावली: इंग्रजी साहित्याचा इतिहास, आरंभापासून आजपर्यंत, मराठीतून, दर रविवारी सकाळी, सर्वांना मोफत.

"अगं, आरंभापासून कशाला?" मी म्हटलं. "इथं येणाऱ्यांचे शेवट जवळ आलेत."

ती हसली नाही. एरवी माझ्या वाह्यात बोलण्यावर ती निदान नाक तरी मुरडते.

"शकू, माझा पोर्शन आयुष्यात एकदाही पूर्ण झाला नाही," ती म्हणाली. "जूनमध्ये मी मन लावून सुरुवात करायचे. दिवाळी यायची तेव्हा आम्ही नाटकांच्या काळात असायचो. मग गॅदरिंग, मग स्पोर्ट्स, मग प्रिलिम. शेवटचं दीड शतक मी दरवर्षी दोन तासांत लिहून द्यायचे. माझ्या मुलांना वाटत असेल, इंग्रजी साहित्याची सुरुवात फार सुंदर आणि शेवट झेरॉक्स."

यावर मात्र मीच हसले. पण तिला ते मनापासून लागलेलं होतं, हे मला कळलं. म्हणून मी पहिल्या रविवारी गेले. कॉमर्सची बाई मी, साहित्याशी माझा संबंध दिवाळी अंकापुरता.

हॉलमध्ये पंधरा-सोळा माणसं होती. काही चहासाठी आली होती. तळोज्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले कुमार स्पोकन इंग्लिशचा क्लास समजून आले होते. त्यांची सून बंगलोरची, तिच्याशी बोलायचं होतं बिचाऱ्यांना. आणि पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर, दाजी घरत बसले होते.

दाजींना त्यांच्या मुलानं, धनेशनं, भल्या मोठ्या गाडीतून आणून सोडलं होतं. धनेशचा रेती-खडीचा धंदा. दाजींचं गाव खाडीकाठचं, आगरी वस्ती, ते सगळं विमानतळात गेलं. आता पुनर्वसनाच्या प्लॉटवर त्यांचा तीन मजली बंगला आहे. दाजी सत्तरी ओलांडलेले, उन्हानं रापलेले, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. रमा आत आली तसे ते काठी टेकत उठून उभे राहिले. बाकीचे आम्ही बसूनच होतो. मग एकमेकांकडे बघत आम्हीही अर्धवट उठलो.

रमानं सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगितलं. दाजींची पाळी आली तेव्हा ते पुन्हा उभे राहिले.

"बाई, मी बीएला इंग्लिश घेतलावता," ते म्हणाले. "आमचं सर ह्योच इतिहास शिकवायचं. वळीनं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रोमँटिक काळ संपला. सुट्टीत बाप वारला. मिठाचा हंगाम तोंडावर व्हता, मिठागरात माणूस नाय. मी गेलू ता परत कॉलेजात आलूच नाय." ते थोडं थांबले. "त्याच्या फुडं काय झाला, ता मना कदी कुनी सांगला नाय. ता आयकायला आलूय."

पन्नास वर्षं एक माणूस एका तासाच्या पुढचा तास सुरू व्हायची वाट बघत होता. असं काही ऐकलं की मी हमखास काहीतरी बोलते.

"दाजी, आता मोबाइलवर सगळं मिळतं," मी म्हटलं. "एका मिनिटात."

"मोबाइल सांगतो, ताई. शिकवत नाय."

रमाचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. तीस वर्षांत असा विद्यार्थी तिला मिळाला नव्हता. तिनं तेव्हाच खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसावं आणि सांगून टाकावं, असं मला वाटलं. पण मी सांगितलं ना, ती स्टेशनपासून सुरुवात करते.

"सांगणार, दाजी," ती म्हणाली. "पण क्रमानं. मागचं पक्कं असल्याशिवाय पुढचं कळत नाही. तुम्हांला अर्धवट द्यायचं नाही मला."

दाजींनी मान डोलावली. "बरोबर हाय. मिठागरात बी खाडीचा पानी येकदम शेवटच्या वाफ्यात सोरत नाय. येकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. घाई केली ता मीठ बसत नाय, निसता चिखल होतो."

हे वाक्य रमानं पुढे इतक्या जणांना ऐकवलं, की मला त्या मिठाचा वीट आला. पण झालं असं, की दोघांनी मिळून ठरवलं. घाई करायची नाही. शिकवणारी अर्धवट शिकवून थकलेली, शिकणारा अर्धवट शिकून राहिलेला. दोघांनाही या खेपेला सगळं पुरतं हवं होतं.

आणि रमा शिकवायची छान, हे कबूल केलं पाहिजे. लाकडी दालनांत शेकोटीभोवती बसून वीरांची गाणी म्हणणारे लोक तिनं असे उभे केले, की शेजारच्या खोलीतले कॅरमवाले दारात येऊन उभे राहायचे. ती गाणी किती हरवली आणि मठांतल्या साधूंनी लिहून ठेवली म्हणून थोडी कशी उरली, हे तिनं सांगितलं. मग समुद्रापलीकडून फ्रेंच बोलणारा राजा आला, दरबारात त्याची भाषा आणि शेतात यांची. "म्हंजे जमिनी घ्यायला सिडको आली तवा आमचा झाला तसा," दाजी म्हणाले. "कागद त्यांच्या भाषेत, जमीन आमची." ते सगळं आवडीनं ऐकायचे. कधी ते साफ चुकायचेही. राजांची नावं तर त्यांनी अशी गुंतवली होती, की बापाला मुलगा आणि मुलाला बाप करून टाकायचे, आणि रमा पुन्हा सगळी वंशावळ सोडवत बसायची.

नाटकांच्या काळात तर रमाला भानच राहिलं नाही. आख्खा पावसाळा त्यातच गेला. माणसं गळायला लागली. कुणाचा मोतीबिंदू, कुणाची नात झाली, कुणाला झेपेना. स्पोकन इंग्लिश काही होत नाही हे कळूनही कुमार मात्र टिकले, कारण चहाबरोबर मी चकल्या न्यायचे. शेवटी आम्ही चौघंच उरलो. मी, कुमार, दाजी आणि फळ्यापाशी रमा.

तासाच्या शेवटी दाजी उठायचे आणि विचारायचे, "बाई, रोमँटिकच्या फुडं काय झाला?"

"येईल, दाजी, येईल," रमा म्हणायची. आम्ही हसायचो. तो आमचा एक नेमच झाला होता, आरतीनंतर प्रसाद असावा तसा.

दुसरं वर्ष उजाडलं. कर्मठ लोकांचा काळ सुरू झाला. त्यांनी राजाला हटवलंच, पण नाटकगृहंही बंद करून टाकली, हे ऐकून दाजी खवळले. "अठरा वर्सं नाटक बंद? आन् लोक गप रायले?" त्यांनी गावच्या जत्रेतल्या नाटकात बाईचं काम केलं होतं, तेव्हाचं एक पद त्यांनी म्हणून दाखवलं. अर्ध्यावर शब्द अडला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. "वय झाला," म्हणून ते खाली बसले. आम्हीही ते वयावरच सोडून दिलं.

मग त्यांचा तो प्रश्न तासाच्या मध्येच यायला लागला. एका सकाळी तर त्यांनी तीनदा विचारलं. रमा चिडली.

"दाजी, तुम्हीच म्हणालात ना, घाई केली की मीठ बसत नाही? धीर धरा की जरा."

"आणि परीक्षा थोडीच आहे?" मी जोडून दिलं. माझी जीभ, दुसरं काय.

दाजी ओशाळले. शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखे हात मांडीवर ठेवून बसले. आम्हांला वाटलं, म्हातारा उतावळा झालाय. प्रश्न आधीच विचारून झालाय हेच त्यांच्या ध्यानात राहत नव्हतं, हे आम्हां तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. कुमार औषधाच्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्या कंपनीत जन्मभर होते, मी माणसांच्या सह्या ओळखण्यात हुशार, आणि रमा तर माणसाच्या मनाचं लिखाण वाचणारी. तिघंही ठार आंधळे.

उन्हाळ्यात दाजींची सून समीक्षा माझ्याकडे आली. शाळेत शिकवते ती, नीटस, कमी बोलणारी. दाजी मधल्या वारी उठून इस्त्रीचा शर्ट घालून हॉलवर जाऊन बसले होते, वॉचमननं फोन केला होता.

"आजी, डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे," ती म्हणाली. "वाढतच जाणार म्हणे. पण रविवार त्यांना बरोबर आठवतो. म्हणजे रोजच त्यांना रविवार वाटतो. तुम्ही त्यांना येऊ द्याल ना? रागावू नका त्यांच्यावर."

ती गेल्यावर मी तशीच समोरचं दार वाजवलं. रमा पुढच्या तासाची तयारी करत होती. मी समीक्षाचं सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसली.

"रमा, येत्या रविवारी सरळ रोमँटिकच्या पुढचं सांग," मी म्हटलं. "मधलं मरू दे."

"मधलं मरू दे कसं?" ती म्हणाली. "राजा परत येतो, कॉफीहाउसं निघतात, वर्तमानपत्रं, कादंबरी जन्माला येते. हे नसलं तर पुढच्या कादंबऱ्या कुठून आल्या ते त्यांना कसं कळणार? दीड-दोन महिने लागतील, शकू. मी भरभर घेते."

"त्या माणसाला उद्या आपलं नाव आठवेल की नाही, आणि तुला कॉफीहाउसं पडलीत?"

"म्हणूनच!" ती ओरडली. रमा ओरडते तेव्हा तिचा आवाज चिरकतो. "म्हणूनच त्यांना उरकून टाकलेलं द्यायचं नाही. तीस वर्षं मी सगळ्यांना शेवट उरकून दिला. हा एकच माणूस असा भेटला, की ज्याला शेवटच हवा आहे. त्यालाही दोन तासांचं झेरॉक्स देऊ?"

तिचं चुकत होतं हे मला दिसत होतं, पण ती ते प्रेमापोटी करत होती हेही दिसत होतं. मी आणखी भांडायला हवं होतं. एवढ्या तेवढ्यावरून आम्ही आठ आठ दिवस भांडतो, आणि भांडायचं तेव्हा मी घरी येऊन आमटीला फोडणी दिली.

रमानं खरंच भरभर घेतलं. राजा परत आला, नाटकगृहं उघडली. दाजी समोर बसायचे, मान डोलवायचे. कधी डोळे इतके लख्ख असायचे, की आम्हांला वाटायचं डॉक्टरच चुकला. कॉफीहाउसांच्या तासाला ते म्हणाले, "आमच्या नाक्यावर बी असाच बसायचं सगलं, पेपर येकच आन् वाचनारं धा." रमानं माझ्याकडे असं बघितलं, जणू ती पैज जिंकली होती. कादंबरीचा जन्म पुढच्या रविवारी, त्यानंतर रोमँटिक, आणि मग पुढचं. वाट फार राहिली नव्हती.

पुढच्या रविवारी दाजी आले नाहीत.

शनिवारी ते घरातून निघून गेले होते. धनेशची माणसं दिवसभर शोधत होती. संध्याकाळी ते विमानतळाच्या कुंपणापाशी सापडले, त्यांचं मिठागर होतं त्या बाजूला, पायांत चप्पल नाही. हंगाम सुरू झाला, बाप एकटा आहे, मला आत सोडा, असं ते तिथल्या रखवालदाराला सांगत होते. त्यानंतर धनेशनं त्यांना बाहेर सोडायचं बंद केलं. त्याचं तरी काय चुकलं?

रमानं तो तास घेतला नाही. कुमार आणि मी चहा प्यायलो आणि उठलो. नंतर थोडे दिवस तिचं दार बंदच होतं. मग एका दुपारी तिनंच माझं दार वाजवलं. नीट साडी नेसली होती, कॉलेजात जाताना नेसायची तशी.

"चल," ती म्हणाली. "दाजींकडे."

रिक्षानं गेलो. बंगल्याच्या व्हरांड्यात दाजी खुर्चीत बसले होते. अंगात बनियन, गुडघ्यांवर चादर. आम्ही पायऱ्या चढून वर आलो, रमा अगदी त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ते बसूनच राहिले. रमाच्याही ते लक्षात आलं असणार, कारण ती खुर्ची घेताना अडखळली.

समीक्षानं चहा आणून आमच्या पुढ्यात ठेवला, वाफाळता.

"दाजी, मी सांगायला आले," रमा म्हणाली. "रोमँटिकच्या पुढे काय झालं ते."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. तिनं त्यांचे हात हातात धरले आणि सुरुवात केली. रोमँटिक कवींपैकी काही तरुणपणीच गेले, ती म्हणाली, डोंगर-नद्यांची गाणी मागे ठेवून. मग कारखाने आले. धुरानं शहरं काळी झाली, गावची माणसं शहरात आली, आणि त्यांची दुःखं सांगायला जाडजूड कादंबऱ्या आल्या. त्या तुकड्यातुकड्यांनी छापल्या जायच्या आणि लोक पुढच्या तुकड्याची वाट बघत थांबायचे. लांबच्या राणीचं राज्य आपल्यापर्यंत पसरलेलं. देवावरचा विश्वास डळमळायला लागला. मग पहिलं महायुद्ध झालं. खंदकात बसून पोरांनी कविता लिहिल्या आणि त्यातली कितीतरी घरी आली नाहीत. त्यानंतर सरळ गोष्ट सांगणं लोकांना जमेना. जगच फुटलं होतं, तर गोष्टही फुटकी लिहू लागले. पुन्हा युद्ध. मग राज्य आटोपलं, आणि ज्यांच्यावर राज्य केलं होतं ते काळे-सावळे लोक त्यांच्याच भाषेत त्यांना आपली गोष्ट सांगायला लागले. "आपले लोकसुद्धा, दाजी. ती भाषा आता आपलीही झाली. आपण सगळे त्यात आलो. एवढंच. आत्तापर्यंत एवढंच झालं."

वरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत रमा थांबली. तिचा चेहरा ओला झाला होता. मी तिला इतकं चांगलं शिकवताना कधी ऐकलं नव्हतं. तारखा नाहीत, वंशावळ नाही, नुसतं जे घडलं ते.

दाजींनी शेवटपर्यंत ऐकलं होतं. मध्ये एकदा "मंग?" असंही म्हणाले होते. आता ते रमाकडे वाकले आणि मायेनं बोलले.

"चांगला सांगलास, बाय. पन ता मना कनाला सांगतंस? आमचा दाजी कॉलेजात हाय, त्याला सांग. तो लय इचारतो. सुट्टी लागली की येल घरी."

समीक्षा पटकन आत गेली. रमानं त्यांचे हात सोडले नाहीत. "सांगते हं," ती म्हणाली. "आला की सांगते." त्यावर ते समाधानानं मागे टेकले आणि फाटकाकडे बघत बसले.

परतताना रिक्षात, खांदा कॉलनीचा सिग्नल आला तेव्हा रमानं विचारलं, "शकू, सगळं सांगायला किती वेळ लागला ग मला?"

"लागला की," मी म्हटलं. "अर्धा-पाऊण तास सहज."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "सांगून झाल्यावर मी कप तोंडाला लावला, तर चहा अजून गरम होता."